दोन रांगा आणि बटणांचा डबा

आमच्या गल्लीत कुणाचा प्रिंटर बिघडला की अजूनही मला हाक येते. "बागवान सर, जरा बघता का? कागद अडकलाय." निवृत्त झालो तरी हा मान काही सुटला नाही. कारण एवढंच, की माझ्या विषयाच्या नावात 'संगणनीय' असा एक शब्द आहे. कॉलेजच्या निरोप समारंभात संस्थेच्या अध्यक्षांनी मला 'साताऱ्याचे संगणकमहर्षी' म्हटलं, टाळ्या पडल्या आणि नेमका त्याच वेळी माईक बंद पडला. अख्ख्या सभागृहानं माझ्याकडं बघितलं. मी जागचा हललो नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा ही म्हण कुणीतरी माझ्यासाठीच करून ठेवली असावी.

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "नोकरीतले अनुभव लिहा, सर." मी म्हटलं, पोलिसाकडं अनुभव असतात, नर्सकडं असतात, एसटीच्या कंडक्टरकडं तर पोतंभर असतात. गणिती तर्कशास्त्रात आयुष्य घालवलेल्या माणसाकडं काय असणार? खडूची भुकटी. ते म्हणाले, "काहीतरी घडलं असेलच की." घडलं होतं. पण ते कळायला आधी धंदा कळायला हवा, म्हणून तो सांगतो. गणिताचं नाव काढताच ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांनीही वाचावं. आकडेमोड अजिबात नाही.

धंदा समजावून सांगायची सवय मला अब्बांमुळं लागली. ते लोणंदच्या बाजारात फळं विकायचे. मी पीएचडी करत होतो तेव्हा दर सुट्टीत विचारायचे, "तुझ्या मालाला गिऱ्हाईक कोन हाय रं?" मी काहीतरी गुळमुळीत उत्तर द्यायचो. खरं सांगायचं तर माझा जो एक बरा निकाल आहे, तो समजून वाचलेली जगातली सगळी माणसं एका वडापच्या जीपमधे बसतील, आणि तरी ड्रायव्हर आणखी सीट भरायची वाट बघत उभा राहील. मी काय करत होतो ते अब्बांना नीट सांगणं मला कधी जमलं नाही. आता जमतं, पण ऐकायला ते नाहीत. त्याची रुखरुख वाटते.

त्यांना आज असं सांगितलं असतं. अब्बा, दोन रांगा आहेत असं धरा. दोन्ही न संपणाऱ्या. रांगेतली माणसं एकदम दिसत नाहीत, एकेक करून येतात, आणि आलेला माणूस कुठंही उभा राहू शकतो. पुढं, मागं किंवा कुणाच्याही मधे. जवळ एक यंत्र आहे. त्याला एवढंच विचारता येतं, की आलेल्या या दोघांत पुढं कोण आणि मागं कोण. दोन्ही रांगा अखेर हुबेहूब सारख्या होणार आहेत, हे आपल्याला वरून दिसतं. प्रश्न असा, की इकडचा कोण तिकडच्या कुणाची जोड आहे, हे यंत्राला सांगता येईल का? एकदा बोललेला शब्द यंत्राला मागं घेता येत नाही. एखाद्या रांगेच्या कुठल्याही दोन प्रती समोर ठेवल्या आणि त्यांची जुळणी करणारं यंत्र दर वेळी मिळालंच, तर ती रांग आमच्या लेखी गुणी. रांग हे साधं उदाहरण झालं. संख्यांच्या, झाडांच्या, आणखी कशाकशाच्या रचना असतात आणि प्रत्येकीला हाच प्रश्न विचारायचा असतो. मराठीत याला रुळलेलं नाव नाही. मी 'यंत्रजुळणी' म्हणतो.

आता यातली गंमत. समजा रांग अशी आहे की कुणाही दोघांच्या मधे कुणीतरी असतोच, आणि तिला पुढचं टोक नाही की मागचं नाही. ऐकूनच डोकं गरगरतं. पण यंत्राला ही रांग सोपी जाते. इकडं एक नवा आला की तिकडं त्याच्या जागेला शोभेल असा माणूस येईपर्यंत थांबायचं. तो येणारच. मग तिकडचा एक घ्यायचा आणि इकडं त्याची जोड शोधायची. उलट पहिला, दुसरा, तिसरा, चौथा अशी शाळेतल्या प्रार्थनेची रांग घ्या. पहिलीतल्या पोराला कळणारी. यंत्र हिच्यापुढं हात टेकतं. कारण या रांगेत प्रत्येकाला लगतचा शेजारी आहे, आणि आज शेजारी दिसणाऱ्या दोघांच्या मधे उद्या कुणी येणार नाही याची खात्री यंत्राला कुणीच देत नाही. उशिरा येणारा कधीही येऊ शकतो. साध्या रांगांचा हिशेब शेवटी इतकाच निघतो, की लगतच्या शेजाऱ्यांच्या जोड्या मोजक्या असतील तर यंत्र निभावून नेतं. त्या न संपणाऱ्या असतील तर अशी एखादी प्रत तयार करता येते, की जिच्यापुढं एकाही यंत्राचं काही चालत नाही. हा निकाल माझा नाही, माझ्या आधीच्या मोठ्या माणसांचा आहे. पण तो पहिल्यांदा समजला त्या दिवशी मी साताऱ्याच्या स्टँडवर बसलो होतो आणि आनंदाच्या भरात लोणंदची गाडी चुकवली होती.

हे शिकवायला मी बटणं वापरायचो. माझी बायको शमीम घरी शिवणक्लास चालवायची. तिच्याकडं बटणांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. तो मी एकदा एका तासासाठी मागून नेला आणि परत करायचं राहून गेलं. आमच्या घरातल्या भांडणांपैकी निम्मी त्या डब्यावरून झाली आहेत. खेळ सोपा होता. मी टेबलावर बटणांच्या दोन रांगा एकेक बटण टाकत वाढवत न्यायचो. समोरचा विद्यार्थी यंत्र व्हायचा. वरच्या रांगेतलं हे बटण खालच्या त्या बटणाची जोड, असं त्यानं मोठ्यानं बोलायचं. बोलला की अडकला.

जोड्या जुळवायचं गणित करणारा मास्तर अशी माझी ख्याती कुठवर गेली असेल? आष्ट्यापर्यंत. एकदा तिथले एक गृहस्थ मिठाईचा पुडा घेऊन घरी आले. वधू-वर सूचक केंद्र चालवत होते. म्हणाले, "सर, आमच्याकडं पोरं बी हायती, पोरी बी हायती. काम्प्युटर बी घेतलाय. पर जुळंना. तुमचा म्हणं ह्योच इषय हाय." मी त्यांना मोठ्या निगुतीनं समजावलं, की माझा विषय फार तर एवढंच सांगतो, की जोड नक्की असली तरी ती यंत्राला सापडेलच असं नाही. ते माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आवं सर, ह्ये तर मला बी ठावं हाय. त्यावर इलाज सांगा की!" इलाज नव्हता. मिठाई मात्र शमीमनं ठेवून घेतली.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो, ती.

सुजाता बनसोडे ही माझी शेवटची संशोधक विद्यार्थिनी. औंधजवळच्या एका वाडीची. सांगलीच्या एका कॉलेजात ती तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणजे दर वर्षी नवा अर्ज, नवी मुलाखत आणि वर्ष सरलं की पुन्हा उमेदवार. रविवारी पहाटेची गाडी धरून साताऱ्याला यायची. आल्या आल्या शमीम स्वयंपाकघरातून ओरडायची, "आवं, पोरीला आधी च्या तरी घेऊ द्या." चहा होईपर्यंत सुजाताचं निम्मं पान सांगून झालेलं असायचं. वाद घालायला पक्की. मी चुकलो की तिचा चेहरा खुलायचा, आणि तो खुलावा म्हणून मी अधूनमधून मुद्दाम चुकायचो असं मी शमीमला सांगत असे. शमीम म्हणायची, मुद्दाम कशाला, तुमचं तसंही होतंय की.

तिचा विषय होता रंगीत रांगा. रांगेतल्या प्रत्येकाला पांढरा किंवा काळा रंग, आणि रंगांच्या मांडणीवर काही अटी. तिचा मुख्य निकाल असा होता, की तिच्या अटी पाळणाऱ्या प्रत्येक रांगेत रंगच पहारेकऱ्याचं काम करतात, म्हणून यंत्राला जुळणी नेहमीच जमते. 'नेहमीच' हा शब्द तिला फार आवडायचा. प्रबंध लिहून, टाइप होऊन तयार होता. फक्त बांधणी राहिली होती. आणि घाई होती. विद्यापीठाच्या सगळ्या मुदतवाढी घेऊन झाल्या होत्या. दिवाळीच्या सुट्टीआधी प्रबंध दाखल झाला नाही तर तिची नोंदणी रद्द होणार होती. ज्यांच्याकडं पदवी नाही त्यांना पुढच्या वर्षीपासून तासही मिळणार नाहीत, असं कॉलेजनं सांगून टाकलं होतं. थोडक्यात, सुजातानं गणितात राहायचं की नाही, हे त्या प्रबंधावर ठरणार होतं.

माझी एक जुनी पद्धत होती. प्रबंध बांधायला टाकायच्या आधी एकदा बटणांचा खेळ. कागदावर कुठलीही सिद्धता गरीब गाईसारखी दिसते. टेबलावर मांडली की कळतं, यंत्रानं खरंच काही केलं की नुसतं धरून चाललं. त्या रविवारी दुपारी व्हरांड्यात टेबल मांडलं. सुजाता यंत्र झाली. मी बटणं टाकत गेलो, ती भराभर जुळवत गेली. मधेच वरच्या रांगेत दोन पांढरी एकमेकांना लागून आली. खालीही तशीच दोन आली. ती म्हणाली, "हे याची जोड, आणि त्याच्या लगतचं त्याच्या लगतच्याची."

"नक्की?"

"नक्की."

मी खालच्या दोन पांढऱ्यांच्या मधे तिसरं पांढरं ठेवलं.

ती हसली. म्हणाली, "सर, हे चालत नाही."

"तुझ्या अटींत बसतं का बघ."

तिनं बघितलं. बसत होतं. तिच्या रांगांमधे दोनदोन आणि तीनतीन पांढऱ्यांचे झुबके सगळीकडं पेरलेले असू शकत होते. त्यामुळं दोन्ही रांगा अखेर सारख्याच होणार होत्या, फक्त तिनं बोलून टाकलेली जोडी खोटी ठरली होती. काळ्या-पांढऱ्याच्या मधे रंग पहारा देत होता. पांढऱ्या-पांढऱ्याच्या मधे कुणीच पहाऱ्याला नव्हतं. तिनं लिहिलं होतं, 'याच्या लगतचा घ्या.' आपल्याला वरून दिसतो तो शेजारी यंत्रालाही दिसतो, असं ती धरून चालली होती. आमच्या धंद्यातली ही खास चूक आहे. देवाच्या डोळ्यानं बघायचं आणि यंत्राच्या हातानं लिहायचं. दुसऱ्या कुठल्या धंद्यात ही चूक करायला वावच नाही. मीही ते पान वाचून पुढं गेलो होतो. बटण हातात आलं तेव्हा कुठं मला ते दिसलं.

सुजाता बराच वेळ त्या तिसऱ्या बटणाकडं बघत बसली. मग म्हणाली, "म्हणजे तिसरं प्रकरण गेलं."

तिसऱ्यावर चौथं उभं होतं आणि चौथ्यावर पाचवं. तिलाही ते माहीत होतं.

"आता मुदत न्हाई, सर," ती म्हणाली. एरवी माझ्याशी ती पुस्तकी मराठीत बोलायची. आवाज फुटला की वाडी यायची.

मला फार वाईट वाटलं. पण मार्गदर्शकानं असल्या वेळी गळा काढून भागत नाही. एक पळवाट होती, ती मी दाखवली. सुरुवातीला एक ओळ घालायची. शेजारी कोण हे यंत्राला आधीच सांगितलेलं आहे असं गृहीत धरा. तेवढं गृहीत धरलं की तिची सगळी सिद्धता जशीच्या तशी खरी ठरत होती. निकाल मिळमिळीत झाला असता, पण खोटा नसता. परीक्षकांनी नाक मुरडलं असतं आणि सही केली असती. असे प्रबंध दर वर्षी कितीतरी पास होतात. पदवीच्या कागदावर निकालाची चव लिहिलेली नसते.

तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "शेजारी कोण हे आधीच ठरलंय, असं धरायचं?"

"हो."

"आमच्या नळावर तसं कवाच नव्हतं, सर."

आणि तिनं मला नळाची गोष्ट सांगितली. ती मी शक्य तितकी तिच्याच शब्दांत देतो.

"उन्हाळ्यात वाडीला टँकर यायचा. त्यो टाकीत पाणी सोडायचा. टाकीला दोन नळ. एक गावाचा, एक आमच्या बौद्धवस्तीचा. दोन रांगा, सर. अगदी सारख्या. तसलंच हंडे, तसल्याच घागरी. उन्हात उभं राहवत न्हाई म्हणून बायका आपापला दगड ठिवायच्या आन् सावलीला बसायच्या. दगड म्हणजेच ती बाई. पर गावाच्या नळाचं पाणी बारीक झालं की तिकडची एखादी यायची आन् आमच्या दोन दगडांच्या मधी आपला हंडा ठिवायची. म्हणायची, हितं मधी कोण न्हाई. तिला न्हाई म्हणायची आमच्यात कुणाची टाप नव्हती. तवा आई आन् काकूनं एक युक्ती काढली. आई दोन दगडांत हातभर जागा सोडायची आन् गप बसायची. ती बाई सगळ्यांच्या देखत म्हणंस्तवर गप. ती एकदा म्हणली, ह्या दोगींच्या मधी कोण न्हाई, की काकू पदराखालनं तिसरा दगड काढायची आन् मधी ठिवायची. 'हाय की वयनी, मी हाय मधी.' सगळ्यांपुढं बोलून अडकल्याली बाई, काय करील? आई म्हणायची, आधी दगड दावायचा न्हाई. समोरचं बोलून अडकलं की मगच काढायचा."

बोलता बोलता ती थांबली. आम्ही दोघांनीही एकदमच टेबलाकडं बघितलं. यंत्राला हरवायची पद्धत आमच्या शास्त्रात नेमकी हीच आहे. एकेका यंत्रासाठी एकेक जोडी राखून ठेवायची आणि वाट बघायची. यंत्र कधीच बोललं नाही तर ते आपोआप हरलं. बोललं की मधे एक सरकवायचा. ही युक्ती मी तिला वर्गात शिकवली होती, फळ्यावर, चिन्हांत. तिनं ती लिहूनही घेतली होती. पण नळावरची काकू आणि फळ्यावरची युक्ती एकच आहे, हे त्या दुपारपर्यंत तिच्याही मनात आलं नव्हतं आणि माझ्या तर बापजन्मात आलं नसतं.

"म्हणजे माझा निकाल खोटा नाही, सर," ती म्हणाली. "उलटा आहे."

"उलटा असेल. पण सिद्ध कोण करणार? आणि केव्हा?" मला खरोखर भीती वाटत होती. एकरंगी रांगेत मधे एक सरकवला की बाकीचे नुसते मागं सरकतात. रंगीत रांगेत मधे एक घातला तर रंगांची मांडणी दुसरीकडं बिघडते, आणि मग दोन रांगा सारख्याच राहत नाहीत. ती मोडतोड कशी सावरायची हे मला माहीत नव्हतं. मी तिला स्पष्ट सांगितलं, "पळवाट घे. पदवी पदरात पाड. उलटा निकाल नंतर सिद्ध कर."

"नंतर म्हणजे कवा, सर? तास घेत, पुन्हा अर्ज करत?" तिनं पिशवी उचलली. "आन् पळवाटीची ओळ मी लिहू शकत न्हाई. शेजारी ठरल्यालाच असतोय, असं माझ्या हातनं लिहून व्हणार न्हाई."

ती गेली. शमीम माझ्यावर चिडली. म्हणाली, बटणं मांडायची काय गरज होती? गप बांधायला टाकला असता. मी म्हटलं, मग तो परीक्षकाच्या हाती पडला असता. ती म्हणाली, त्यानं तुमच्यासारखंच वाचून पुढं ढकललं असतं.

मधले आठवडे वाईट गेले. सुजाता फोन उचलत नव्हती. रविवारची पहाटेची गाडी यायची आणि जायची. बाजारपेठेत आकाशकंदील लागले. एका बाजूला वाटायचं, पोरगी हट्टानं सगळं घालवून बसणार. दुसऱ्या बाजूला मी स्वतः त्या मोडतोडीच्या मागं लागलो होतो. मला काही ते जमत नव्हतं.

मग एका दुपारी ती न कळवता आली. चहाला नको म्हणाली. टेबल तिनंच ओढलं, डबा तिनंच उघडला. "आता तुम्ही यंत्र व्हा, सर."

मी यंत्र झालो. ती बटणं टाकत गेली, मी जपून, चेंगटपणे जुळवत गेलो. ती गप्प. शेवटी एका पांढऱ्या जोडीवर मला बोलावंच लागलं. मी बोललो आणि तिनं मूठ उघडून मधे पांढरं ठेवलं. मी म्हटलं, "आता तुझी पुढची मांडणी बिघडली." ती म्हणाली, "बिघडू दे. जिथल्या यंत्रांनी अजून तोंड उघडलेलं नाही, तिथं ती नेऊन सावरायची. इथली मोडतोड पुढं ढकलायची, तिथं वेळ आली की आणखी पुढं. पण प्रत्येक जागेला धक्का मोजक्याच वेळा बसतो. मग ती कायमची स्वस्थ." आणि तिनं ते बटणा-बटणानं करून दाखवलं. मी चार ठिकाणी अडवलं. एका ठिकाणी तिला पाणी प्यायला उठावं लागलं, पण परत येऊन तिनं तेही सोडवलं. दोन पांढरे किंवा दोन काळे शेजारी, अशा जोड्या मोजक्या असतील तर तिचं जुनं म्हणणं खरं. न संपणाऱ्या असतील तर कुठलंच यंत्र टिकत नाही. 'नेहमीच' गेलं आणि त्याच्या जागी खरी गोष्ट आली.

माझे डोळे भरून आले. मास्तरकीत असे प्रसंग फार येत नाहीत. मी तिला म्हटलं, "रांग न संपणारी म्हणून हे जमतं. मागं ढकलत राहिलं तरी कुणाचं काही जात नाही."

"व्हय," ती म्हणाली. "नळावर मातर शेवटच्या बाईचं पाणी जायचं. काकूनं दगड काढला तरी कुणीतरी रिकाम्या घागरीनंच घरी जायचं."

प्रबंध मुदतीत दाखल झाला, जेमतेम. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक पडद्यावर होते. त्यांनी विचारलं, "आधीच्या आराखड्यात तुम्ही नेमकं उलटं म्हटलं होतं. मत का बदललं?" सुजाता म्हणाली, "सर, मी आधी वरून बघत होते." ते हसले आणि पुढं बराच वेळ तिच्या मोडतोडीबद्दलच विचारत राहिले. मागच्या बाकावर तिची आई बसली होती, नवी सुती साडी नेसून. पदवीची शिफारस जाहीर झाल्यावर आईनं तिला विचारलं, "पर तू शोधलंस काय?" सुजातानं सांगितलं, "आई, मशीन कितीबी म्हणलं ह्या दोगींच्या मधी कोण न्हाई, तरी मधी काकूचा दगड निघतोच. ह्ये सिद्ध केलं." आई हसायला लागली. "ह्ये सांगाया एवढं शिकावं लागतं व्हय?" मग पदर डोळ्याला लावून म्हणाली, "आज माजी जाऊ पायजे हुती." काकू त्याच्या आदल्या उन्हाळ्यात गेली होती.

इथं गोष्ट संपली असती तर मला आवडलं असतं. पण यंदा सांगली भागातल्या एका कॉलेजात कायम जागा निघाली. सुजाताकडं पदवी होती, एका चांगल्या नियतकालिकानं तिचा निकाल स्वीकारला होता, शिकवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मुलाखत झकास झाली. समितीतल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी मला खासगीत सांगितलं, "सर, तुमची विद्यार्थिनी आणि ती जागा, मधे कोण नाही." मी पेढे आणून ठेवले. एवढं आयुष्य काय शिकवण्यात घालवलं, ते त्या क्षणी साफ विसरलो.

संध्याकाळी तिचा फोन आला. नमस्कार वगैरे काही नाही. "सर, मधी दगड निघाला."

मला संताप आला. कोण, कुणाचा, कुठल्या ओळखीनं, हे सगळं मी विचारलं आणि नको ते बोललोही. तिनं ऐकून घेतलं. शेवटी मी विचारलं, "आता गं?"

"आता काय, सर? उद्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांचा तास हाय. रांगा सुरू करायच्यात. शमीमकाकींना सांगा, डबा लागंल. पांढरी जरा जास्ती द्या म्हणावं."

शमीमनं डबा काढला. पांढरी फारशी उरली नव्हती. तीस-पस्तीस वर्षांतले विद्यार्थी, प्रत्येकाच्या खिशात एखादं गेलं असणार. ती कात्री घेऊन आली, माझ्या अंगातल्या सदऱ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "सरळ उभं राहा." डबा सकाळच्या गाडीनं सांगलीला गेला. सदरा मी अजून वापरतो, आत्ताही तोच अंगात आहे. गळ्याशी एक बटण तिनं ठेवलं आहे. त्याला लगतचा शेजारी नाही, त्यामुळं आमच्या शास्त्राप्रमाणं ते अगदी सुरक्षित आहे.